तांड्याचं एकच उत्तर

सोमवार, १० नोव्हेंबर. यवतमाळ.

हजर: मी, नाशिकहून आलेली, पाहणीच्या कामाची पर्यवेक्षक. पुरुषोत्तमभाऊ, भाड्याच्या जीपचे चालक, इथलेच. सविता राठोड, पुसदकडची, आमच्यासाठी घरोघर जाऊन मुलाखती घेणारी. गैरहजर, पण फोनवरून सतत सोबत: प्रश्नावली तयार करणारे डॉक्टर, पुण्याचे.

कुठंही गेले की आधी हजेरी मांडायची, मग कामं, मग सामान, अशी माझी पद्धत आहे. या खेपेला कामांच्या खाली एकच ओळ होती: सविता खोटं बोलते का ते पाहणे. एकाच कामाच्या प्रवासातून मी एवढी गोंधळून परत येईन असं निघताना वाटलं नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणसं पैशाच्या बाबतीत किती धीर धरतात, किती धोका पत्करतात, हे मोजायची आमची पाहणी आहे. पूर्वी अशा पाहणीत सगळ्यांना तेच ते पन्नास प्रश्न विचारायचे आणि विसाव्या प्रश्नाला समोरचा माणूस म्हशीला पाणी पाजायला उठून जायचा. आता टॅबलेट प्रश्न बदलतो. तो विचारतो, आज दोनशे रुपये घ्याल की महिन्यानं अडीचशे? तुम्ही ‘आज’ म्हणालात की तो महिन्यानंतरची रक्कम वाढवतो. ‘महिन्यानं’ म्हणालात की कमी करतो. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर भिंगं बदलत विचारतात ना, ‘हे बरं दिसतं की आधीचं?’ तसंच. पाच-सहा प्रश्नांत तुमच्या धीराचा नंबर हाती येतो. शेवटी नंबर ठरला की त्या रकमेला तुम्ही जे निवडाल ते तुम्हाला खरोखर मिळतं, आज तर आज, महिन्यानं तर महिन्यानं. म्हणजे कोणी उगाच काहीतरी बोलत नाही.

तर पुसदच्या वरच्या अंगाला एक बंजारा तांडा आहे. तिथं सवितानं मुलाखती घेतल्या आणि सगळ्या घरांचा नंबर एकच आला. अगदी एकच. तीनशेच्या खाली सगळे ‘आज’, तीनशे झाले की सगळे ‘महिन्यानं’. कार्यालयातल्या व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, अख्ख्या वस्तीला एकाच नंबरचा चष्मा लागतो का? बाईनं झाडाखाली बसून फॉर्म भरलेत. मी जाऊन पडताळणी करायची, अहवाल द्यायचा. आरोप खरा निघाला तर सविताचं नाव यादीतून जाणार होतं. चालू कामातून आणि पुढच्या वर्षभराच्या कामातूनही.

एसटी स्टँडसमोर तर्री-पोहे खाताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तर्री म्हणजे लालभडक रस्सा, पोह्यांवर ओततात. आमच्याकडे मिसळीला कट वेगळा मागावा लागतो, इथं पोह्यांनाही सोडत नाहीत. मी ‘थोडीच घाला’ म्हणाले तर पोहेवाल्यानं पुरुषोत्तमभाऊंकडे पाहिलं, ‘या कुठून आल्या?’ अशा नजरेनं. तेवढ्यात सविता आली. तिशीची असेल. पाठीला सॅक, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली.

“मॅडम, तुम्ही मले तपासाले आल्या न?”

मी म्हटलं, कामाची नेहमीची पडताळणी असते.

“नेहमीच्या पडतायणीले नाशिकहून कोणी येत नाही जी. तपासा. माझं काही म्हणणं नाही. फक्त एक सांगते, चोर ठरवाचं असंल तर माझ्या तोंडावर सांगा. तिकडं जाऊन कागदावर नका लिहू.”

पुरुषोत्तमभाऊंनी तिच्यासाठीही एक प्लेट सांगितली. ती पूर्ण तर्रीत बुडवून तिनं खाल्ली. खोटारड्या माणसाला एवढी भूक लागते का, असा एक निरुपयोगी विचार माझ्या मनात आला.

आर्णी

त्याच दुपारी आर्णीच्या अलीकडे जीपच्या क्लचची तार तुटली. पुरुषोत्तमभाऊंनी गाडी कशीबशी गावात आणली आणि सलीमभाईंच्या गॅरेजसमोर उभी केली. गॅरेज म्हणजे पत्र्याखाली दोन खड्डे आणि दुचाक्यांची रांग. सलीमभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं निम्मं हिंदी, निम्मं वऱ्हाडी.

“तार नाही मिळणार या मॉडेलची. बनवावी लागंल. बसा मॅडम, चाय पियो.”

सविता चहा सांगायला टपरीवर गेली, मी बसले. बसून राहणं मला जमत नाही. मनात आलं, टॅबलेटच तर बिघडलेला नसेल? सगळ्यांना एकच नंबर देत असेल तर? तपासून घ्यावं. सलीमभाईंना विचारलं, काही प्रश्न विचारू का? त्यांनी हात न थांबवता मान हलवली.

“आज दोनशे रुपये, की महिन्यानं अडीचशे?”

“आज.”

“आज दोनशे, की महिन्यानं साडेतीनशे?”

“आज.”

“महिन्यानं पाचशे?”

“अहो मॅडम, तुम्ही हजार म्हणा, लाख म्हणा. आपण दोनशेच घेणार. थांबल्याचे ज्यादा पैसे म्हणजे ब्याज झालं न? आपल्यात नाही चालत.”

“पण हे व्याज नाही. बक्षीस समजा.”

“बक्षीस असंल तर आजच द्या न पाचशे. महिनाभर कायले ठेवता?”

पुरुषोत्तमभाऊ खो खो हसले. मी पुढच्या भागाकडे वळले. तिथं धोका मोजतात. नाणं उडवायचं, छापा पडला तर सहाशे, काटा पडला तर काही नाही, की मग खात्रीचे दोनशे?

“ये तो जुवा हो गया,” सलीमभाई म्हणाले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता, घरचे पण चांगले असतील. हे धंदे सोडा.”

टॅबलेटनं त्यांचा निकाल दिला: अत्यंत अधीर, धोक्याला अत्यंत भिणारा. मी वाचून दाखवला. त्या वेळी सलीमभाई एका जुन्या तारेचा एकेक पीळ सोडवून तिचं टोक नव्या नळीत बसवत होते. तिसऱ्यांदा बसलं नाही म्हणून चौथ्यांदा. ऊन उतरलं तरी त्यांचं चाललंच होतं. मध्ये त्यांनी नमाज पढून घेतली, आणि मी पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं तेव्हा म्हणाले, “सबर करो मॅडम. गाडी रस्त्यात बंद पडण्यापेक्षा इथं बंद बरी.”

टॅबलेट बिघडलेला नव्हता, एवढं कळलं. बाकी काय कळलं ते मला त्या संध्याकाळी मांडता येईना. अधीर माणूस तिथं एकच होता, आणि ती मी होते.

मंगळवार. पुसदहून वर

सकाळी लॉजवर चहा घेताना मी स्वतःचाच नंबर काढून पाहिला. मी पितृपक्षात दिवाळीचं सामान भरून ठेवणारी बाई. धीराच्या बाबतीत पहिला नंबर येणार अशी खात्री होती. टॅबलेटनं लिहिलं: उत्तरे विसंगत. पुन्हा घ्या. पुन्हा घेतले. पुन्हा विसंगत. मी टॅबलेट बंद करून पिशवीत घातला आणि हे कोणाला सांगितलं नाही. आज इथं लिहिते आहे.

पुसदहून वर जाणारा रस्ता सुरेख आहे. सोयाबीन निघून गेलेली रानं काळी उघडी पडलेली, मध्येच तुरीचे पिवळ्या फुलांचे पट्टे, आणि जिकडेतिकडे फुटलेला कापूस. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षबागांच्या छाटण्या उरकलेल्या असतात आणि रानात औषधांच्या फवारणीचा वास असतो. इथं नुसता मातीचा. तांडा टेकडीच्या उतारावर आहे. पक्की घरं, काहींवर पत्रे, मध्ये मोकळी जागा आणि देऊळ. दारं सगळी उघडी, घरात कोणी नाही. एका ओट्यावर बसलेल्या आजोबांनी सांगितलं, सगळे वेचणीला.

सविताला मी रस्त्यावर जीपमध्येच बसायला सांगितलं. तिच्या समोर कोणी मोकळं बोलणार नाही, आणि ती खुणा करू शकेल, अशी दोन कारणं मी मनाशी नोंदवली होती. ती फक्त म्हणाली, “बांधावरून जा मॅडम, मधून गेल्या तर साडी फाटंल.” मी मधूनच गेले. पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या झाडानं, पदर धरला, तो सोडवायला दोन बायका धावून आल्या. अशी माझी ओळख झाली.

त्यातली एक झमकूबाई. चाळिशीची, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मी सांगितलं की आज पैसे नाहीत, फक्त पुन्हा विचारते. ती म्हणाली, इचारा. हात वेचतच होते. मी ओळीओळीनं तिच्यामागून चालत विचारत गेले. टॅबलेट प्रत्येकाला वेगळ्या आकड्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे उत्तरं पाठ करून ठेवता येत नाहीत. तिला त्यानं थेट पाचशेपासून सुरुवात केली.

“महिन्यानं,” ती म्हणाली.

मग दोनशे वीस. “आज.” मग तीनशे चाळीस. “महिन्यानं.” मग दोनशे ऐंशी. “आज.” शेवटी नंबर आला. तीनशे.

दुसरी बाई. सुरुवात दोनशे तीसपासून. नंबर तीनशे. तिसरी, जी माझ्याशी बोलायला लाजत होती, तिचाही तीनशे. चौथीनं तर माझा प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर दिलं आणि पलीकडच्या ओळीतल्या बाया हसल्या. मी विचारलं, काय झालं? एक म्हणाली, “काही नाही जी, तुमची मशीन लई फिरते. सरळ इचारून टाका न.”

 सविता जीपमध्ये. टॅबलेट ठीक. प्रश्न दर वेळी वेगळे. आणि उत्तर तेच.

मी दुसऱ्या वाटेनं गेले. विचारलं, सविता खरंच आली होती का?

“आलती न,” झमकूबाई म्हणाली. “तीन दिवस होती. आमच्या संगं वेचू लागली. लई हयू वेचते व. मी म्हटलं, पोरी, तू मशीनवर बोटं फिरव, तुझ्यानं हे होत नाही.” हयू म्हणजे हळू. पुन्हा हशा.

कोणाच्या घरी जेवली, कोणत्या दिवशी पाऊस आला म्हणून कोणाच्या पडवीत थांबली, सगळं त्यांनी सांगितलं. वेगवेगळ्या बायकांची सांगणी जुळली. झाडाखाली बसून फॉर्म भरल्याचा आरोप तिथंच गळून पडला. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं बांधापर्यंत टिकलं. तिथं पुन्हा मनात आलं, मग सगळ्यांचे तीनशेच कसे?

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “मुलाखती खऱ्या आहेत? मग तर फारच विचित्र आहे.” त्यांचा आवाज काळजीचा होता की आनंदाचा, ते कळलं नाही.

जीपमध्ये सविताला सांगितलं, मुलाखती तूच घेतल्यास, ते मला पटलं.

“मंग झालं?”

“नाही. सगळ्यांची उत्तरं सारखी का?”

 “नायकाले इचारा,” ती एवढंच म्हणाली.

बुधवार. नायकाच्या अंगणात

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. आम्ही जेवायच्या वेळेला पोचलो आणि त्यांनी जेवल्याशिवाय बोलायचं नाकारलं. ज्वारीच्या जाड भाकरी, त्यांना ते बाटी म्हणतात, वांग्याचं भरीत, आणि लसणाची चटणी, जिच्यामुळे मी थोडा वेळ काहीच विचारू शकले नाही. वाढत होत्या नायकांच्या पत्नी, धुर्पताबाई. सविता त्यांना याडी म्हणत होती. म्हणजे आई. या वेळी मी तिला सोबत घेतलं होतं.

पाणी पिऊन मी सरळ विचारलं, “नायक, तुमच्या तांड्यात सगळ्यांचं उत्तर एकच कसं?”

“कारण ठरलं होतं,” ते म्हणाले. जणू मी विचारलं होतं की सगळी घरं पूर्वेकडेच तोंड करून का.

“कोणी ठरवलं?”

“आम्ही. बसलो होतो देवळापाशी. ही पोरगी परवानगी घ्याले आली, सगळं समजावून सांगितलं तिनं. एकाले आज भेटंल, एकाले महिन्यानं. एकाले कमी, एकाले जास्त. जसं ज्याचं उत्तर. मी म्हटलं, असं नाही जमणार. मंग सगळ्यायले बोलावलं.”

“पण नियम आहे की कोणी कोणाशी चर्चा करायची नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.”

“नियम तुमचा आहे न जी. आमचा बी एक आहे.”

मग त्यांनी ब्लँकेटची हकीकत सांगितली. काही वर्षांमागे थंडीत कुणी चांगली माणसं ब्लँकेट घेऊन आली. सगळ्या घरांना पुरणार नव्हती, म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना मिळाली, निम्म्यांना नाही. माणसं फोटो काढून गेली.

“मंग?”

“मंग काय. तांड्यात बोकड कापला तर मटनाचे वाटे सारखे पडतात. घरात माणसं दोन असो का दहा, वाटा सारखा. ब्लँकेटचे वाटे कसे पाडाचे?”

“एक शहाणा कापून देऊ म्हणे,” धुर्पताबाई आतून म्हणाल्या. “यायचाच भाऊ.”

“मग वापरली कोणी?”

“कोणीच नाही. देवळात ठेवली. त्या थंडीत सगळे कुडकुडले,” नायक म्हणाले. “पण भांडण नाही झालं.”

“भांडण कसं नाही झालं?” धुर्पताबाई आता बाहेर आल्या. “मी भांडली न रोज तुमच्याशी. मी म्हटलं, म्हाताऱ्यायले तरी द्या.”

“ते घरातलं भांडण. ते नाही धरत.”

मी म्हणाले, पण आम्हाला प्रत्येकाची स्वतःची इच्छा हवी असते. एकेकाची.

नायकांनी जरा विचार केला. “तुमच्या घरी भाजी कोणती कराची ते एकेकाले खोलीत नेऊन इचारता का?”

“नाही. मीच ठरवते.”

“मंग तुम्ही नायक. मी तर सगळ्यायले बसवून इचारलं. तुमच्याइतका कडक नाही मी.”

सविता तोंडावर ओढणी धरून हसली. पुरुषोत्तमभाऊंना ठसका लागला. मलाही हसू आलं, पण अहवालात हे कुठं बसवायचं ते कळेना.

तीनशे कसे ठरले ते विचारलं. म्हणे, दिवस मावळेपर्यंत वाद झाला. तरण्या पोरांचं म्हणणं, आजच घ्या, कशाला थांबता. म्हाताऱ्यांचं म्हणणं, थांबू, जास्त घेऊ. कोणी अडीचशेवर अडलं, कोणी चारशेवर. शेवटी तीनशेवर सगळ्यांनी मान हलवली.

“सगळ्यांनी?” मी विचारलं.

“मी नाही,” धुर्पताबाई म्हणाल्या.

“तू बी हलवली.”

“तुम्ही पाह्यलं माझ्याकडं म्हणून हलवली. मले पटलं नव्हतं. मी तर आजच घेतले असते. महिन्यानं कायले? माझी पोरगी दिवाळीची माहेराले आलती, चार दिसांनी जाणार होती. जाताना तिच्या हातावर ठेवले असते.”

हे ऐकताच मी टॅबलेट बाहेर काढला. हेच तर हवं होतं. एका माणसाची स्वतःची, वेगळी इच्छा. म्हटलं, याडी, हेच सांगा मला, प्रश्न विचारते. आज दोनशे की महिन्यानं चारशे?

“महिन्यानं,” धुर्पताबाई म्हणाल्या.

“अहो, पण आत्ताच म्हणालात आज!”

“ते तुमच्याशी बोलताना म्हटलं. मशीनवर तांड्याचं.”

“पण तुमचं कोणतं?”

“दोन्ही माझंच आहे व माय,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक बाटी टाकली. नको म्हणायच्या आत.

मी त्या बाटीकडे पाहत बसले. मला आत्तापर्यंत वाटत होतं की माणसाच्या आत एक नंबर असतो, आणि आपलं काम तो न दुखवता बाहेर काढणं. इथं एका बाईचे दोन निघाले होते. त्यातला एक खरा नि दुसरा खोटा असं म्हणायला मला जागा दिसत नव्हती. ती तीनशेचं उत्तर दडपणाखाली देत होती का? पण नवऱ्याच्या तोंडावर ती ‘मले पटलं नाही’ म्हणत होती, तेही परक्या बाईसमोर. दडपलेली बाई असं बोलते का? आणि नसेल दडपलेली, तर मशीनवर आपलं का सांगत नाही? जेवढं विचारत गेले तेवढं धूसर होत गेलं. मी पुढं विचारणं थांबवलं आणि बाटी खाल्ली.

परतीच्या वाटेवर

टेकडी उतरल्यावर मी जीप थांबवायला सांगितली. पुरुषोत्तमभाऊ पाय मोकळे करायला गेले. मी सविताला विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

“देवळापाशी बसले तेव्हा मी तिथंच होती. मलेच चहा कराले लावला.”

“मग कळवलं का नाहीस? नियमाप्रमाणे तू कळवायला हवं होतंस.”

“कोणाले कळवू? मशीनवर शेवटी दोनच खुणा आहे. ‘उत्तरे स्वतःची’ आणि ‘उत्तरे दुसऱ्याची’. मी कोणती दाबू? दुसऱ्याची म्हटलं तर तांडा खोटारडा ठरते. त्यायच्या बसण्यात मी बी बसली असती तर मी बी मान हलवली असती. आमच्या तांड्यात बी असंच आहे. दुसऱ्याचं कसं म्हणू?”

“मग ‘स्वतःची’ दाबलीस.”

“दाबली. तुम्ही काय दाबलं असतं?”

मी टॅबलेट काढून पाहिला, खुणा खरंच दोनच होत्या.  

ती म्हणाली, “मॅडम, मुलाखती मी घेतल्या. एकेका बाईच्या मागं कापसात हिंडून घेतल्या. घरी बसून भरल्या असत्या न, तर मले बी अक्कल आहे, वेगळे वेगळे आकडे टाकले असते. कोणाले संशय बी नसता आला.”

हे मात्र इतकं खरं होतं की मी तिथल्या तिथं लिहून घेतलं.

पुसदला पोचेपर्यंत डॉक्टरांशी दोनदा बोलणं झालं. पहिल्यांदा ते म्हणाले, नियम मोडला, मुलाखती बाद धराव्या लागतील. दुसऱ्यांदा त्यांनीच फोन केला. म्हणाले, “बाद तरी कशा करायच्या? माणसांनी विचार करून उत्तरं दिलीत. इतका विचार तर इतर कुठल्याच गावात कोणी केलेला नाही. मग तांडा म्हणजे एकच माणूस धरायचा का? पण धरला तर तो माणूस कोण?” मी म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्याकडे उत्तर मागते आहे. ते म्हणाले, “हो, हो, मला कळतंय.”

व्यवस्थापकांचा निरोप त्या मानानं सोपा होता: फॉर्म भरा, सोमवारी पाठवा.

शनिवार. नाशिक

परत येऊन कपडे धुवून झाले, भाडं आणि जेवणाची बिलं लावून झाली, सलीमभाईंची पावती वेगळी ठेवली, धुर्पताबाईंनी बांधून दिलेली लसणाची चटणी शेजारी अर्धी दिली. आणलेल्या कामातलं एवढं पुरं झालं.

पडताळणीचा फॉर्म टॅबलेटवरच आहे. त्यात मला दोन रकाने भरायचे आहेत. पहिला: मुलाखती प्रत्यक्ष झाल्या का? त्यात मी ‘हो’ भरलं आणि खाली चार ओळी लिहिल्या, की मी स्वतः तांड्यात जाऊन पाहिलं, बायकांशी बोलले, सविता राठोड यांनी प्रत्येक मुलाखत समक्ष घेतली आहे. खोटेपणाचा आरोप निराधार आहे. हे लिहिताना हात अडला नाही.

दुसरा रकाना: मुलाखत घेणाऱ्याने नियमभंग होऊ दिला का? हो किंवा नाही. खाली ओळी लिहायला जागा नाही. ‘हो’ म्हटलं तर तिचं नाव जातं, आरोप वेगळा पण शिक्षा तीच. ‘नाही’ म्हटलं तर मी जे कानांनी ऐकलं ते ऐकलंच नाही असं होतं. आणि दोन्ही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही.

काल संध्याकाळी सविताचा फोन आला.

“मॅडम, काय दाबलं?”

“पहिल्यात हो. तुझ्यावरचा आरोप खोडला मी.”

“आणि दुसऱ्यात?”

“अजून काही नाही. डॉक्टरांना आणखी एकदा विचारते. सोमवारपर्यंत वेळ आहे. थोडं थांबलं तर कदाचित ते तिसरी खूण घालून देतील.”

तिच्या मागं कुणीतरी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, हाक मारत होतं.

“नको मॅडम. थांबू नका. ‘नाही’ असंल तर बरंच आहे. ‘हो’ असंल तर तेही चालंल, मी दुसरं पाहीन. पण आज दाबा. लटकून राहाचं मले नाही जमत.”

मी म्हटलं, बरं, आज करते.

तो कालचा आज होता. दुसरा रकाना अजून भरायचा आहे.